अवघड रात्र आधी ठरवा: ॲरिझोनातल्या पाच मुक्कामांचं प्रकरण

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, भाड्याची २५ फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, पाच माणसं, पाच मुक्काम. फिनिक्सहून निघायचं, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि पेज गावाजवळचं लेक पॉवेल बघायचं, परत फिनिक्सला यायचं. माणसं म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणारी माझी धाकटी बहीण, मेहुणे, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि तासगावहून आलेले बहिणीचे सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळेच तात्या म्हणतो. वय ७१, द्राक्षबागायतदार, अंगाने काटक. पण झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावावं लागतं. काकूंना, म्हणजे सासूबाईंना, मधुमेह आहे, इन्सुलिन रोजचं. मी फिनिक्समध्ये राहतो, त्यामुळे मुक्काम शोधायचं काम माझ्याकडे आलं.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की, भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन आरव्हीने फिरायला निघणारी मराठी घरं आता बरीच दिसतात आणि रात्री कुठे थांबायचं हा प्रश्न त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी निघतो. आधी बघायच्या जागा ठरतात, मग गाडी ठरते, मग मधल्या मोकळ्या चौकटींत मुक्काम भरले जातात. मला हे उलटं करावंसं वाटतं. मुक्काम आधी, आणि त्यातही पहिल्या रात्रीपासून सुरुवात नाही. सगळ्यात अवघड रात्र कोणती ते शोधायचं, ती पक्की करायची, मग बाकीच्या रात्री तिच्या मागेपुढे बसवायच्या.

घरातली दोन मतं

मेहुण्यांना सगळे मुक्काम फुकटात करायचे होते. यात नुसता पैशाचा विचार नव्हता. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी जमीन अफाट आहे. फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, यांच्या बऱ्याचशा जमिनीवर आखलेल्या कॅम्पग्राउंडशिवायही तळ टाकता येतो, साधारणपणे १४ दिवसांपर्यंत, एक डॉलर न देता. नळ नाही, वीज नाही, शेजारी नाहीत. इकडे याला बूनडॉकिंग म्हणतात. पाइनच्या झाडीत एकटी उभी गाडी आणि वर ताऱ्यांनी भरलेलं आभाळ, हे तात्यांना दाखवायचं त्यांनी मनाशी धरलं होतं.

बहिणीचं एकच वाक्य होतं, "दादा, मला रोज रात्री प्लग पाहिजे."

तिला प्लग कशासाठी हवा होता हे उघड होतं. पण प्लग नसेल तर नक्की काय अडेल, आणि कुठे अडेल, हे कोणी मोजलं नव्हतं. ते मोजल्याशिवाय दोघांपैकी कोणाच्याही बाजूने बोलण्यात अर्थ नव्हता.

गाडीत काय आहे, काय नाही

भाड्याच्या बहुतेक क्लास सी गाड्यांसारखीच ही गाडी होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक, जेवायचं टेबल खाली पाडलं की तिसरा. वापरायच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची. खाली दोन टाक्या: आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जातं ती ग्रे टँक, संडासचं जातं ती ब्लॅक टँक. फ्रिज विजेवर किंवा प्रोपेन गॅसवर चालणारा. हीटर प्रोपेनवर, पण त्याचा पंखा गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. जनरेटर आहे, वापराचं भाडं तासावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इन्व्हर्टर नाही. बाहेरची वीज जोडलेली नसेल आणि जनरेटर बंद असेल, तर भिंतीतल्या १२० व्होल्टच्या सगळ्या सॉकेटमध्ये काहीही येत नाही. दिवे लागतात, पाण्याचा पंप चालतो, त्यामुळे गाडीत वीज आहे असा समज होतो. सीपॅपची पिन सॉकेटमध्ये खोचली की तो समज जातो.

सीपॅप १२ व्होल्टवर चालवायची वायर मिळते, ती मी मागवून ठेवली. मग वहीत हिशोब मांडला.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारा भाग, बंद ठेवला तर तात्यांचं मशीन साधारण ३० वॉट खातं. १२ व्होल्टला अडीच अँपिअर, आठ तासांचे २० अँपिअर-तास. हीटरचा पंखा चालू असताना सात-आठ अँपिअर ओढतो. बाहेर शून्य अंश असेल तर रात्रीच्या दहा तासांपैकी निम्मा वेळ तो चालणार असं धरलं, तर ३५ ते ४०. फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, एखादा दिवा, यांचे मिळून दहा. बेरीज ६५-७०. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पण साधी लेड-ॲसिड. तिच्यातलं निम्मंच काढावं, म्हणजे हातात ५०.

जमत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास व्होल्टेज पडणार, हीटर आणि मशीन दोन्ही धोक्यात येणार. आणि नेमकी तीच सगळ्यात थंड वेळ. जनरेटर लावावा म्हटलं तर नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडात रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. जंगलात एकटे असलो तरी पाच माणसं झोपलेली असताना रात्रभर जनरेटर चालू ठेवायला माझी तयारी नाही, धुराची भीती खरी असते. शिवाय हा जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू मेहुण्यांच्या बाजूची निघाली. थंडी कमी असेल तर पंख्याचे ४० खाली येऊन १० होतात, आणि सीपॅपला स्वतंत्र बॅटरी दिली तर त्याचे २० पूर्ण सुटतात. म्हणजे प्लग रोज लागत नाही. उंचावर लागतो.

अवघड रात्र: दक्षिण काठ

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७००० फूट उंच आहे. आपलं कळसूबाई ५४०० फूट. ऑक्टोबरअखेरीस तिथे रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. विरळ हवेत झोपेतला श्वासाचा त्रास वाढू शकतो, म्हणून तात्यांच्या सांगलीच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. त्यांनी जायला हरकत नाही म्हटलं, पण मशीन एकही रात्र चुकवायचं नाही असं बजावलं. त्या वाक्याने ही रात्र ठरवून टाकली.

समोर तीन पर्याय होते.

पहिला टुसायन गावाच्या बाहेरचं कायबाब राष्ट्रीय जंगल. पार्कच्या दारापासून काही मैलांवर, पूर्ण फुकट, मेहुण्यांच्या मनातलं चित्र हुबेहूब. गाडी तिशीतल्या दोघांची असती तर मी डोळे मिटून हेच सांगितलं असतं. पण वरचा हिशोब इथेच सगळ्यात जास्त फसत होता. शिवाय भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई होती. जंगलातले रस्ते कच्चेच असतात. गाडी रुतली की ओढून काढायचा खर्च सगळा आपल्या अंगावर.

दुसरा, पार्कच्या आतलं मादर कॅम्पग्राउंड. झाडी सुंदर, दोन जागांमध्ये ऐसपैस अंतर, फ्लशचे संडास, ३० फुटांपर्यंतची गाडी चालते. बुकिंग सहा महिने आधी उघडतं. हूकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, मात्र एकही नाही. जनरेटरला सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळाच. निसर्गात राहिल्यासारखं वाटायचं असेल तर दक्षिण काठावर मादरला तोड नाही, पण विजेच्या बाबतीत ते जंगलासारखंच.

तिसरा, मादरला लागूनच असलेलं ट्रेलर व्हिलेज. ५० फुटांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडायच्या पक्क्या जागा. वीज, पाणी, ड्रेनेज तिन्ही जोडण्या. भाडं मादरच्या दुपटीहून जास्त. दिसायला पार्किंग लॉटसारखं आहे, हे मेहुण्यांचं म्हणणं खरंच आहे. पण पार्कची फुकट शटल बस तिथूनच मिळते, म्हणजे एकदा गाडी लावली की दोन दिवस ती हलवायची नाही. आणि दक्षिण काठावर दवाखाना आहे. मोठं हॉस्पिटल गाठायचं तर फ्लॅगस्टाफ, ८० मैल. काकूंची साखर रात्री खाली गेली तर काय, या प्रश्नाला जंगलातल्या जागेपेक्षा इथे बरं उत्तर होतं.

आम्ही ऑगस्टमध्ये शोधायला बसलो तेव्हा ट्रेलर व्हिलेजला शनिवार-रविवार भरलेला होता, मंगळवार-बुधवार मोकळा. मेहुण्यांची रजा शनिवारपासून मांडलेली. मी म्हटलं, रजा सरकवा. मंगळवार-बुधवार घेतला आणि सगळी सहल सोमवारपासून सुरू केली. विमानाची तिकिटं तोवर काढलेली नव्हती म्हणून हे जमलं. तिकिटं काढून बसल्यावर मुक्काम शोधायला घेतले असते, तर दोन्ही थंड रात्री वीज नसलेल्या जागेत काढाव्या लागल्या असत्या.

बाकीच्या रात्री

पहिली रात्र कुठे हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. गाडी दुपारी ताब्यात मिळते, सगळं समजावून घेईपर्यंत तीन वाजतात, आणि ऑक्टोबरअखेर इथे पावणेसहाला सूर्य मावळतो. पहिल्याच दिवशी २५ फुटी गाडी अंधारात घाटातून चढवायला कोणी घेऊ नये. फिनिक्सच्या वायव्येला लेक प्लेझंट म्हणून काउंटीचं पार्क आहे, वीज-पाणी जोडलेल्या जागा आहेत, आमच्या घरापासून लांब नाही. ही सरावाची रात्र. फ्रिज विजेवरून प्रोपेनवर नेऊन बघायचा, हीटर लावून बघायचा, मशीन मागच्या पलंगापाशी पोचतं का ते बघायचं. काही बिघडलेलं निघालं तर दुरुस्तीला परत न्यायला अंतर थोडं. भाचीला तिथली रानगाढवं दिसली, ती तिची सहलीतली पहिली नोंद.

चौथी रात्र पेजची. इथे मेहुण्यांनी दोन जागा सुचवल्या होत्या.

एक, कॅमेरून आणि पेज यांच्या मधली, ८९ नंबरच्या हायवेलगतची मोकळी जमीन. सॅटेलाइटच्या नकाशावर मैलोन्‌मैल घर नाही, कुंपण नाही. पण ती बीएलएमची जमीन नाही, नवाहो नेशनची, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीची आहे. नवाहो लोकांचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःचे कायदे आहेत, आणि परवान्याशिवाय तिथे तळ टाकता येत नाही. ही माहिती मराठी मंडळींत फार कमी पोचलेली दिसते. आपल्या शेतात कोणी न विचारता गाडी लावून चूल मांडली तर तात्यांना जे वाटेल, तेच त्यांनाही वाटणार. नकाशावर रिकामी दिसलेली जागा कोणाची आहे हे आधी बघायचं, मग तिथे थांबायचा विचार. जमिनीची मालकी रंगांत दाखवणारे नकाशे फोनवर सहज मिळतात.

दुसरी जागा लोन रॉक बीच. लेक पॉवेलच्या काठावर, युटाच्या हद्दीत, अगदी पाण्यालगत वाळूवर गाड्या लावतात. फोटो अप्रतिम येतात. पण वाळू म्हणजे वाळू. मागच्या चाकांच्याही मागे शेपटीसारखी लांब निघालेली जड क्लास सी वाळूत बसली की आपल्याने निघत नाही. करारातली कच्च्या रस्त्याची अट इथेही आडवी येत होती. त्यामुळे तिथून थोड्या मैलांवरच्या वाहवीपला जागा घेतली. तोच तलाव, डांबरी रस्ता, तिन्ही जोडण्या. लोन रॉकला दुपारी जाऊन डांबर संपतं तिथे गाडी ठेवली आणि सगळे चालत पाण्यापर्यंत गेले.

पेजच्या बाबतीत एक गोष्ट सांगून ठेवतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं, आणि नवाहो नेशनचा ॲरिझोनातला भागही करतो. नोव्हेंबर उजाडेपर्यंत पेजच्या परिसरात फोन कोणत्या टॉवरला लागला यावर वेळ तासाने मागेपुढे उडी मारते. बोटीचं बुकिंग किंवा इन्सुलिनची वेळ फोनवर सोडायची नाही. काकूंचं मनगटी घड्याळ फिनिक्सच्या वेळेवर ठेवलं होतं आणि सगळ्यांनी तेच प्रमाण मानलं.

पाचवी रात्र राहिली, आणि मेहुण्यांची फुकटची रात्र मला इथे बसवता आली.

द्राक्षमळ्यातला मुक्काम

फ्लॅगस्टाफहून खाली उतरलं की व्हर्डी व्हॅली लागते. उंची तीन-साडेतीन हजार फूट, ऑक्टोबरअखेर रात्री सात-आठ अंश. हीटरचं काम पहाटेपुरतं. म्हणजे बिनविजेची रात्र काढायची तर इथेच. सेडोनाच्या पश्चिमेची जंगलातली फुकट तळाची जागा मी आधी पाहिली होती, पण गर्दी वाढल्यामुळे फॉरेस्ट सर्व्हिसने तिथला मोकळेपणा काढून खुणा केलेल्या जागांपुरती परवानगी ठेवली आहे. रस्ताही कच्चा आणि खडबडीत.

हार्वेस्ट होस्ट्स नावाची एक सभासद योजना आहे. वर्षाची वर्गणी भरली की शेतं, मळे, वायनरी अशा ठिकाणी एक रात्र गाडी लावता येते. जागेचं भाडं नाही, पण मालकाकडून काहीतरी विकत घ्यायचं हा रिवाज. अट एवढीच की गाडीला स्वतःचा संडास आणि स्वतःच्या टाक्या हव्यात. व्हर्डी व्हॅलीत वाइनची द्राक्षं पिकतात, २०२१ मध्ये तिला अधिकृत द्राक्षक्षेत्राचा दर्जा मिळाला. तासगावच्या बागायतदाराला दाखवायला याहून चांगली जागा मला सुचली नाही. कॉर्नव्हिलच्या बाजूला एका मळ्याने होकार दिला, सहाच्या आत या म्हणून कळवलं.

सीपॅपसाठी मी ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन घेतलं. बे एरियाहून आणता आलं नसतं, एवढी मोठी बॅटरी विमानात नेता येत नाही.

पाण्याचं गणितही याच रात्रीपुरतं करावं लागलं, आणि ते आपल्या घरांचं वेगळं असतं. इथल्या पुस्तिकांत ब्लॅक टँक किती दिवस पुरते ते कागद वापरणाऱ्या माणसांच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. आपण पाणी वापरतो. पाच माणसांनी तांब्या घेतला की टाकी त्याच्या बऱ्याच आधी भरते. म्हणून वाहवीपहून निघताना दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मळ्यात आंघोळी नाहीत, भांडी एकदाच, असं आधीच सांगून ठेवलं. काकूंनी पोळ्या पेजलाच करून घेतल्या.

प्रत्यक्षात काय झालं

लेक प्लेझंटच्या सरावाच्या रात्रीचा फायदा एका गोष्टीत लगेच दिसला. फ्रिज प्रोपेनवर पेटत होता, पण गाडी डाव्या बाजूला कललेली होती. या जातीच्या फ्रिजला पंप नसतो, आतला द्रव उतारानेच फिरतो, त्यामुळे गाडी बरीच तिरकी उभी राहिली की तो नीट गार करत नाही. चाकांखाली ठोकळे सरकवून लेव्हल आणायला मेहुणे त्या रात्री शिकले आणि पुढे प्रत्येक मुक्कामी गाडी लावल्याबरोबर तेच पहिलं काम. फ्रिजमध्ये छोटा थर्मामीटर ठेवला होता. मागच्या धातूच्या पट्ट्यांजवळ गोठायला येतं हे त्यावरून कळलं, म्हणून इन्सुलिनची न उघडलेली पेनं दाराच्या कप्प्यात डब्यात ठेवली. इन्सुलिन गोठलं की फेकायचंच.

दक्षिण काठावर पहिल्या रात्री बाहेर पाण्याच्या बादलीवर पातळ बर्फ धरलं. पाण्याचा पाइप संध्याकाळीच काढून आत घेतला होता आणि टाकीचं पाणी वापरलं, त्यामुळे तो फुटला नाही. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३६०० वॉट, पाच माणसांना भरपूर वाटते. तरी रात्री नऊला ब्रेकर पडला. विजेचा छोटा हीटर साडेबारा अँपिअर घेत होता, फ्रिज तीन, बॅटरीचा चार्जर पाच, आणि भाचीच्या दुधासाठी मायक्रोवेव्ह लावल्याबरोबर आणखी तेरा. मायक्रोवेव्हपुरता हीटर बंद करायचा, हा नियम काकूंनी घातला आणि त्यांनीच पाळून घेतला. तात्यांचं मशीन दोन्ही रात्री ह्युमिडिफायरसकट चाललं. तिथली कोरडी हवा बघता ते फार बरं झालं, बॅटरीवर असतो तर ते बंदच ठेवावं लागलं असतं.

सकाळी दोन एल्क, सांबराहून कितीतरी मोठे, गाडीच्या दारासमोरून चालत गेले. पार्किंग लॉटसारखी दिसणारी जागा म्हणून नाराज असलेले मेहुणे त्यानंतर त्या विषयावर काही बोलले नाहीत.

वाहवीपला दुपारनंतर तलावावरून वारा सुटला. आमची छत्री, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडते ती कनात, उघडून ठेवलेली नव्हती. तिथे ती उघडी टाकून फिरायला जाऊ नये, वाऱ्याने वाकलेल्या दांड्यांचं बिल मोठं येतं. या मुक्कामात सांगण्यासारखं एवढंच.

मळ्यात ते साडेपाचला पोचले. मी फिनिक्सहून संध्याकाळी जाऊन भेटलो. वेली काढणीनंतर पिवळ्या पडायला लागल्या होत्या. तात्या गाडीतून उतरले ते थेट ओळींत शिरले. खोड हाताने चाचपलं, ठिबकची नळी उचलून ड्रिपर किती अंतरावर आहेत ते वितीने मोजलं. "पाव्हणं, मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, नुसत्या सरळ तारा," मला म्हणाले. मळ्याच्या मालकीणबाई आल्या, बहीण मध्ये बोलायला उभी राहिली. तात्यांनी विचारलं, छाटणी कधी करता? थंडीत, वेल झोपलेली असताना, वर्षातून एकदा, असं उत्तर आलं. तात्यांनी सांगितलं, आमच्याकडे वेल झोपतच नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, वर्षातून दोनदा. बाईंनी बहिणीकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग वीस-पंचवीस मिनिटं नुसतं हातवाऱ्यांवर बोलणं चाललं, बहिणीची गरजच पडली नाही. तासगावला त्यांचा पुतण्या त्याच आठवड्यात फळछाटणी करून घेत होता. तात्यांनी तिथूनच त्याला फोन लावला आणि इथल्या तारा त्याला दाखवल्या. दारू कोणी घेत नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे आम्ही द्राक्षांचा रस आणि मध घेतला.

रात्री हीटर १६ अंशांवर ठेवला, दोन-दोन रजया दिल्या. फ्रिज प्रोपेनवर, गाडी लेव्हलमध्ये. सकाळी पॉवर स्टेशनमध्ये जवळजवळ निम्मा चार्ज शिल्लक होता आणि गाडीची बॅटरी १२.३ व्होल्ट दाखवत होती. लेड-ॲसिडला हे ठीक आहे. दक्षिण काठावर हाच प्रयोग केला असता तर हा आकडा कुठे गेला असता, ते मेहुण्यांनी स्वतः वहीत मांडून बघितलं.

शनिवारी सकाळी वाटेतल्या एका ट्रक स्टॉपवर पैसे देऊन टाक्या रिकाम्या केल्या आणि वेळेत गाडी परत दिली. ट्रक स्टॉपवर डंप स्टेशन आहे की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, सगळ्यांकडे ते नसतं. जनरेटरच्या मीटरवर फक्त सरावाच्या रात्रीची वीस मिनिटं होती.

वॉलमार्टबद्दल

एक प्रश्न सगळेच विचारतात, तेव्हा लिहितो. वॉलमार्टच्या आवारात रात्रभर गाडी लावायला परवानगी देणं त्या-त्या दुकानाच्या मॅनेजरच्या हातात आणि त्या गावाच्या नियमांत असतं. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी मध्यरात्री दार वाजवून उठवतात. आत जाऊन विचारायचं, खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत, सकाळी लवकर निघायचं. वाटेत उशीर झाला तर झोप काढायला ती जागा बरी आहे, पण आमच्याबरोबर तात्या-काकू होते, म्हणून फ्लॅगस्टाफहून उतरायला अंधार पडला तर काय, यासाठी मी कॅम्प व्हर्डीतल्या एका खासगी आरव्ही पार्कचा नंबर देऊन ठेवला होता. वयस्क माणसांना मध्यरात्री उठवून गाडी हलवावी लागेल अशी जागा मी पर्याय म्हणूनही धरत नाही.

पुढची मागणी

तात्या-काकू डिसेंबरपर्यंत आहेत आणि मेहुण्यांना आता थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सलग तीन रात्री बूनडॉकिंग करायचं आहे. या वेळी मी विरोध केलेला नाही. जागा सुचवली ती क्वार्ट्झसाइट. कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळचं वाळवंट, उंची हजार फुटांच्याही खाली, नोव्हेंबरअखेर रात्री सात-आठ अंश, म्हणजे व्हर्डी व्हॅलीत जमलं तसंच. बीएलएमची १४ दिवसांची फुकट जमीन आहेच. शिवाय लागूनच बीएलएमचाच हिवाळी तळ आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल चालतो, थोडं शुल्क असतं, पण पाणी, कचरा आणि डंप स्टेशनची सोय मिळते. पाणी वापरणाऱ्या पाच माणसांना तिसऱ्या दिवशी डंप स्टेशन जवळ असणं शुल्कापेक्षा मोलाचं आहे, म्हणून मी तोच घ्यायला सांगितलं. पॉवर स्टेशन दुसरी रात्र पूर्ण पुरेल याचा भरवसा नाही, त्यामुळे रोज दुपारी जनरेटर लावून भरावं लागेल. गाडी घेताना करारात एक ओळ मात्र आधी विचारून घ्यायची आहे: बीएलएमच्या तळावरचा दाबलेल्या खडीचा रस्ता कंपनी कच्च्यात धरते का. ते उत्तर लेखी आल्याशिवाय मेहुण्यांनी पैसे भरू नयेत असं मी कळवलं आहे.